तो कितक्यान गेलो? : लिलावाआधीच्या गजाली आणि नव्वद वर्षांचा इतिहास

ज्यांना इअरफोन सापडत नाही किंवा ज्यांच्या एसटीत नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जे अडखळलो ते इथे जरा सरळ करून लिहिलंय, बाकी सगळं तेच.

सुरुवात आमच्या वेंगुर्ल्यातून करतो. प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की संध्याकाळी बंदरावर आमची चार-पाच जणांची बैठक बसते. मच्छीमारी होड्या लागलेल्या असतात, समोर दीपगृह असतं आणि आम्ही मोबाईलमध्ये डोकं घालून भांडत असतो. कुठल्या टीमकडे किती पैसे उरलेत, कोणाला डावा कोपरा हवाय, कोणाचा रेडर म्हातारा झालाय. आणि मग खरा विषय निघतो, नवी पोरं. "तो युनिव्हर्सिटीचा पोरगा बघितलास? बोनस सुरेख काढतो." "बोनस काय काढतो, समोर पोरंच होती. फझल अत्राचलीसमोर उभा कर, मग सांग." लिलावाच्या दिवशी जो कामात अडकलेला असतो त्याचा फोन येतो आणि पहिला प्रश्न हाच असतो, "तो कितक्यान गेलो?"

ही गजाल फक्त आमची नाही. अमेरिकेत दर वर्षी एप्रिलच्या आसपास कोट्यवधी लोक नेमकं हेच करतात. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात त्या फुटबॉलमध्ये, कॉलेजची पोरं संघांमध्ये वाटली जातात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. कोण पहिला जाणार, कोण फुसका निघणार यावर महिनोन् महिने वाद चालतात. मला प्रश्न पडला की ही पद्धत आली कुठून, आणि आपल्याकडे कबड्डीत पोरं कशी निवडायचे, निवडतात? शोधायला गेलो तर दोन्ही गोष्टी एकाच साली येऊन भेटल्या. १९३६.

फिलाडेल्फियातलं हॉटेल

८ फेब्रुवारी १९३६. फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात नऊ संघांचे मालक बसलेत. भिंतीवरच्या फळ्यावर कॉलेजच्या खेळाडूंची नव्वदेक नावं. तोपर्यंत कसं चालायचं, तर ज्याच्याकडे पैसा आणि नाव, तो चांगली पोरं उचलायचा. श्रीमंत संघ जिंकायचे, जिंकायचे म्हणून प्रेक्षक यायचे, प्रेक्षक यायचे म्हणून आणखी श्रीमंत व्हायचे. फिलाडेल्फिया संघाचा मालक बर्ट बेल याच्या टीमचं पार वाटोळं झालं होतं. त्याने सुचवलं की जो संघ तळाला असेल त्याला पहिली निवड द्या. म्हणजे शाळेत मास्तर बुटक्या पोराला पुढच्या बाकावर बसवतात तसं. इतर मालकांनी मान्य केलं आणि त्या दिवशी नऊ फेऱ्यांत ८१ पोरं निवडली गेली.

तळाला बेलचाच संघ होता, त्यामुळे पहिली निवडही त्याचीच. त्याने शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचं नाव घेतलं. त्या वर्षीचा देशातला सगळ्यात गाजलेला कॉलेज खेळाडू. आणि हा गडी व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही! त्याने मागितलेले पैसे बेलला झेपेनात, म्हणून हक्क शिकागोच्या संघाकडे गेले. तिथेही जमलं नाही. बर्वँगरने सरळ नोकरी धरली. त्या काळी फुटबॉलमध्ये मिळणाऱ्या पैशापेक्षा रबर कंपनीतली नोकरी त्याला जास्त भरवशाची वाटली.

हा किस्सा लक्षात ठेवा. इतिहासातली पहिलीच निवड फुकट गेली, ती खेळामुळे नाही तर नोकरीमुळे.

त्याच वर्षी बर्लिन

१९३६ मध्येच बर्लिन ऑलिंपिकला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक गेलं होतं. त्यांनी तिथे आपले देशी खेळ करून दाखवले, त्यात कबड्डी होती. आपल्याकडे तिला हुतूतू म्हणायचे. मातीत आखलेल्या चार रेषा, श्वास कोंडून घातलेला आवाज आणि अंगात माती. साधन म्हणून काहीच नको, म्हणून हा खेळ गरिबाच्या अंगणातही होता आणि आखाड्यातही.

नियम जागोजागी वेगळे होते. ते एकसारखे करण्याचं काम मुख्यतः महाराष्ट्रात आणि बडोद्यात झालं. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली. १९५० मध्ये अखिल भारतीय फेडरेशन आलं. पुढे शंकरराव साळवी, म्हणजे आपले बुवा साळवी, यांनी आयुष्यभर हा खेळ गावागावांत आणि देशाबाहेर नेला. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली आणि भारताने सुवर्ण घेतलं.

पण या सगळ्या काळात खेळाडू कोण निवडायचं? निवड समिती. मंडळाचा संघ, मग तालुका, मग जिल्हा, मग राज्य. जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेत खेळायचं, मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेल्या जाणत्या लोकांनी तुमचं नाव वहीत लिहायचं. वय आणि वजन दोन्ही मोजलं जायचं, अजूनही जातं. आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी वेंगुर्ल्याचं पोर रत्नागिरी जिल्ह्यात मोजलं जायचं, म्हणजे एवढ्या लांबलचक किनारपट्टीतल्या सगळ्यांशी भांडून एका जागेसाठी वहीत नाव यायला हवं. आणि वहीत कोणाचं नाव का आलं नाही, हे कोणी सांगायला बांधील नव्हतं.

खरा ड्राफ्ट मुंबईत व्हायचा

आता माझा मुद्दा. आपल्याकडे 'ड्राफ्ट' हा शब्द नव्हता, पण ती गोष्ट होती. ती मुंबईत व्हायची आणि तिथली बोली पैशात नसायची, नोकरीत असायची.

कोकणातला चाकरमानी गिरणगावात गेला तेव्हा कबड्डी सोबत घेऊन गेला. लालबाग, परळ, प्रभादेवी, दादर इथल्या गल्ल्यांत मंडळं उभी राहिली. रात्री दिव्यांच्या उजेडात सामने, चाळीच्या गॅलऱ्या म्हणजे फुकटचं स्टेडियम. या सामन्यांना रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या, मोठे कारखाने यांची माणसं यायची. एखादं पोर चांगल्या पकडी करताना दिसलं की विचारणा व्हायची, आमच्याकडे येतोस का? म्हणून आजही महाराष्ट्रातल्या कबड्डी स्पर्धांच्या पोस्टरवर दोन गट दिसतात, स्थानिक आणि व्यावसायिक. हा 'व्यावसायिक' म्हणजे लीगवाला नाही. तो नोकरी देणाऱ्या आस्थापनांच्या संघांचा गट.

अमेरिकेतल्या ड्राफ्टशी ताडून बघा. तिथे संघ पोराला निवडतो, पोराला संघ निवडता येत नाही. आपल्याकडे पोर बँक की रेल्वे हे थोडंफार ठरवू शकत होतं. तिथे करार चार-पाच वर्षांचा, इथे पगार निवृत्तीपर्यंत आणि नंतर पेन्शन. गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची राहायची. बर्वँगरला जो प्रश्न पडला, खेळ की नोकरी, तो आपल्या पोरांना पडलाच नाही, कारण खेळ हीच नोकरी मिळवायची वाट होती.

हे सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. जागा थोड्या असायच्या. ओळखपाळख लागायची. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर ज्या वस्त्यांतून हे खेळाडू यायचे, त्यांचाच आधार गेला. पुढे सरकारी आणि बँकांच्या भरत्या आटत गेल्या, तशी ही वाटही अरुंद झाली. आईवडिलांनी पोराला मैदानावर सोडायचं, ते या आशेवर की एक दिवस ऑर्डर येईल. ती ऑर्डर यायची बंद झाली तर मैदानावर कोण सोडेल?

१२ लाख ८० हजार

आणि मग २० मे २०१४. मुंबईत पहिल्यांदा कबड्डीपटूंचा जाहीर लिलाव झाला. समालोचक चारू शर्मा आणि उद्योगपती आनंद महिंद्रा यांच्या डोक्यातून आलेली ही लीग, आठ संघ. भारताचा कर्णधार राहिलेला राकेश कुमार सगळ्यात महाग गेला. किती? १२ लाख ८० हजार, पाटण्याकडे. तेव्हा पेपरात बातमी वाचून लोकांचे डोळे पांढरे झाले होते. हुतूतूला बारा लाख!

२६ जुलैला लीग सुरू झाली आणि ३१ ऑगस्टला मुंबईत जयपूरने आपल्या यू मुंबाला फायनलमध्ये हरवलं. पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. २०१८ मध्ये पहिल्यांदा एक कोटीची रेष ओलांडली गेली, आणि एकाने नाही, सहा जणांनी. मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना गेला, आपल्या मुंबईचा रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाखांना. २०२३ मध्ये पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. नऊ वर्षांत सर्वोच्च बोली वीसपट झाली.

आता आमच्या बंदरावरच्या बैठकीत येऊ. आम्ही मोठे शहाणे समजतो स्वतःला. मी तर एका वर्षी एक्सेल शीट केलं होतं. रेड पॉइंट, यशाची टक्केवारी, वय, दुखापती, सगळं भरलं, फॉर्म्युला लावला आणि छातीठोक सांगितलं कोण चालणार. पैज सुरमईच्या थाळीची. हरलो, आणि चौघांना थाळी घातली. का हरतो ते बघा.

२०२२ चं उदाहरण घ्या. पवन सेहरावत २ कोटी २६ लाखांना तमिळ थलैवाजकडे गेला. तोपर्यंतचा विक्रम. सीझनच्या पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि पूर्ण सीझन बाहेर. पुढच्या वर्षी २ कोटी ६० लाखांना टायटन्सकडे गेला, तो खेळलाही चांगला, पण संघ तळाला राहिला.

किंवा आपल्या शेजारचा सिद्धार्थ देसाई. आंबोली घाट चढून पलीकडे गेलं की चंदगड तालुका, तिथला हा. २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतला. पहिल्याच सीझनला २१८ रेड पॉइंट. २०१९ ला किंमत १ कोटी ४५ लाख. २०२१ ला १ कोटी ३० लाख. खांदा दुखावला, मोजकेच सामने खेळला. २०२२ ला २० लाख. २०२३ ला परत १ कोटी. एकच माणूस, तेच हात, तेच पाय, पाच वर्षांत भाव असा वरखाली. शेअर बाजारातसुद्धा एवढी धडकी भरत नाही.

प्रदीप नरवालने ज्या संघातून सुरुवात केली तिथे त्याला फार खेळवलं नाही. पाटण्याने घेतला आणि त्याने सलग तीन विजेतेपदं मिळवून दिली, एका सीझनला ३६९ रेड पॉइंट. अमेरिकेतला टॉम ब्रेडी तसाच. २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ वा गेला. त्याच्या आधी त्याच्याच जागेवर खेळणारे सहा जण निवडले गेले. नंतर त्याने सात वेळा सर्वोच्च किताब जिंकला. तिथे तर निरीक्षक असतात, डॉक्टर तपासतात, धावण्याची वेळ स्टॉपवॉचवर मोजतात. तरीही १९८ वेळा ते नाव हुकलं.

चोवीस नावं

आता कॉलेजच्या पोरांकडे या, कारण आजचा खरा विषय तोच आहे.

२०२२ च्या लिलावात एक नवी गोष्ट झाली. पाचशेहून जास्त खेळाडूंच्या यादीत २४ नावं थेट खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतून आली. फायनल खेळलेल्या दोन संघांचे बारा-बारा खेळाडू. पुढच्या वर्षीही तसंच केलं. म्हणजे अमेरिकेसारखा कॉलेज ते लीग असा सरळ रस्ता पहिल्यांदा तयार झाला. छान वाटतं ना?

आता वेंगुर्ल्यातून हा रस्ता चालून बघू. समजा तुम्ही आमच्या खर्डेकर कॉलेजात शिकता. कॉलेज मुंबई विद्यापीठाचं. आधी कॉलेजच्या संघात जागा. मग कोकण विभागात चांगलं खेळा. मग मुंबई विद्यापीठाच्या संघाची निवड, तिथे मुंबई, ठाणे, रायगड सगळ्यांशी गाठ. मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. मग अखिल भारतीय. मग खेलो इंडिया. आणि तिथे तुमचा संघ फायनलला पोहोचला पाहिजे. उपांत्य फेरीत तुम्ही एकट्याने पंधरा पॉइंट काढले आणि संघ एका गुणाने हरला, तर या चोवीसात तुमचं नाव नाही. समोरच्या संघातला बाकावर बसलेला बारावा खेळाडू मात्र आहे.

दुसरं, माती आणि मॅट. आमची पोरं तांबड्या मातीत वाढतात, अनवाणी. लीग मॅटवर, बुटांत. मातीत पाय रुततो, मॅटवर तो चिकटतो किंवा सुटतो. वळण्याचा वेग बदलतो, पकडीची वेळ बदलते. ज्याच्या तालुक्यात मॅट आहे तो दोन वर्षं पुढे असतो. हे माझ्या एक्सेलमध्ये कुठल्याच रकान्यात नव्हतं.

वाट बंद आहे असं मात्र नाही. संघ नव्या पोरांना लिलावाबाहेरूनही घेतात, नवोदित म्हणून. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार असाच २०२१ च्या सीझनला पुणेरी पलटणकडे आला. कोटीची बोली नाही, टीव्हीवर हातोडा नाही. १ मार्च २०२४ ला पलटणने हरियाणाला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हा कर्णधार तोच होता. मधल्या काळात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही होता. लिलावाच्या आदल्या रात्री त्याच्यावर कोणी भांडलं नव्हतं.

आणि ज्यांच्यावर आम्ही कधीच भांडत नाही, त्या मुली. २०१६ मध्ये पुरुषांच्या लीगसोबत महिलांचं तीन संघांचं चॅलेंज झालं. आपली अभिलाषा म्हात्रे त्यातल्या एका संघाची कर्णधार होती. फायनल २४-२३, एका गुणाने, शेवटच्या क्षणापर्यंत. मस्त सामना होता, यूट्यूबवर शोधा. पुढच्या वर्षी ती स्पर्धा झालीच नाही. कॉलेजात मुलींचे संघ आहेत, विद्यापीठाचे आहेत, त्याच पायऱ्या त्याही चढतात. वरच्या मजल्यावर फक्त दार नाही.

सकाळी सहा वाजता

शेवटी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. आमच्या वाडीत एक पोरगा आहे. नाव नाही सांगत, त्याला आवडणार नाही. डावा कोपरा खेळतो. घोट्यावरची पकड अशी की समोरच्याला कळायच्या आत तो खाली. मागच्या लिलावाआधी आमच्या बैठकीत तो येऊन बसला होता. आम्ही नेहमीसारखे कोटींच्या गप्पा मारत होतो. एकाने चेष्टेत विचारलं, "तुजो लिलाव कधी रे?" तो हसला, चहा संपवला आणि उठला. म्हणाला, "माका सकाळी धावूक जावचा आसा." पोलीस भरतीची तयारी. १६०० मीटर, गोळाफेक, मग लेखी.

मला तेव्हा बर्वँगर आठवला. नव्वद वर्षांपूर्वी शिकागोच्या पोराने केलेला हिशोब आणि आमच्या वाडीतल्या पोराने केलेला हिशोब एकच आहे. लिलाव एका सीझनचा किंवा दोनाचा भाव सांगतो. पस्तिशीनंतर काय, हे तो सांगत नाही. जुन्या व्यावसायिक गटाने निदान त्याचं उत्तर दिलं होतं, अपुरं का असेना. आज महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, तो त्याच जुन्या विचाराचा उरलेला धागा. पण त्यासाठी ठरावीक पातळीच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे पुन्हा तेच, वहीत नाव आलं पाहिजे.

म्हणून मला वाटतं, लिलाव वाईट की चांगला हा वाद चुकीचा आहे. लिलावाने एक मोठी गोष्ट केली, खेळाडूची किंमत उघड्यावर आणली. आधी ती वहीत आणि केबिनमध्ये ठरायची. पण लिलावात बोली लागते ती यादीतल्या नावांवर. यादी कशी बनते, तिच्यापर्यंत कोण पोहोचतं, हा भाग अजून अंधारात आहे. आम्ही भांडतो ते उजेडातल्या पाचशे नावांवर.

या वर्षी मी एक्सेलमध्ये एक नवीन शीट उघडलंय. त्यात कोटीवाले नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या स्पर्धांचे स्कोअर, मुलांचे आणि मुलींचे, कोणी किती पकडी केल्या, कोणत्या मैदानावर, माती की मॅट. सध्या तीन स्पर्धा भरल्यात, तेही मित्रांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोंवरून. तुमच्या गावात सामने झाले तर स्कोअरशीटचा फोटो काढून पाठवा. वहीतलं नाव निदान दुसरीकडे कुठेतरी लिहिलेलं राहील.

आणि हो, तो पोरगा अजून रोज सकाळी सहाला सागरेश्वरच्या किनाऱ्यावर धावतो. संध्याकाळी मैदानावर असतोच. भरतीचा निकाल लागला की सांगेन.

चला, भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत दम टिकवून ठेवा!